अ‍ॅलेक गिनेस : रंग उतरवत गेलेला बहुरूपी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत इंग्रज अभिनेते सर अ‍ॅलेक गिनेस यांच्यावर आलेला लेख वाचला. एखाद्या मराठी दैनिकाने या नटासाठी अर्धे पान राखून ठेवावे, याचा माझ्यासारख्या जुन्या इंग्रजी शिक्षकाला आनंदच आहे. मात्र लेखाचा दोनतृतीयांश भाग त्यांच्या ‘स्टार वॉर्स’ या अंतराळपटातील दाढीवाल्या म्हाताऱ्यासाठी खर्ची पडला असून, ‘हॉलीवूडमधील एक ज्येष्ठ सहायक नट’ अशी त्यांची बोळवण करण्यात आली आहे. लेखासोबतच्या छायाचित्राखालील ओळीतही एक चूक आहे. तिच्याबद्दल शेवटी लिहितो, कारण ती चूक समजून घ्यायची तर आधी माणूस समजून घ्यावा लागेल. (‘गिनीज बुका’शी या गृहस्थांचा संबंध नाही, हेही येथेच सांगून टाकतो, हा प्रश्न मला वर्गात दरवर्षी विचारला जात असे.)

आधी ‘सहायक’ या शब्दाविषयी. आपल्याकडे ‘चरित्र अभिनेता’ म्हटले की नायकाचे वडील, गावचा पाटील किंवा शेवटच्या प्रसंगात चश्मा काढून मान हलवणारा डॉक्टर डोळ्यांपुढे येतो. ज्या सोलापुरात शशिकला जन्मल्या आणि जेथे अतुल कुलकर्णी वाढले, त्या गावाला तरी भूमिकेची लांबी आणि नटाची उंची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे निराळे सांगायला नको. इंग्रजी रंगभूमीवर या प्रकारच्या नटाकडून अपेक्षा असते ती एवढीच की त्याने स्वतः दिसू नये, त्याने घेतलेला माणूस दिसावा. यासाठी आपल्याकडे ‘चरित्र अभिनेत्या’पेक्षा फार जुना आणि नेमका शब्द आहे, तो म्हणजे बहुरूपी. आमच्या लहानपणी सुगी संपली की पेठेत बहुरूपी येत. पोलिसाच्या वेशात दारात उभे राहून खोटे वॉरंट वाचू लागत आणि आजी हसत हसत सुपातून ज्वारी आणून घाले. गिनेस हे त्या जातकुळीचे नट होते आणि त्यांच्या सुमारे साठ वर्षांच्या कारकिर्दीकडे मी तरी असे पाहतो की, या बहुरूप्याने तोंडावरचा रंग जसजसा उतरवत नेला तसतसा तो मोठा होत गेला.

त्यांचा जन्म 2 एप्रिल 1914 रोजी लंडनमध्ये झाला. जन्मदाखल्यावर वडिलांच्या नावाची जागा कोरी होती आणि ती त्यांच्या हयातीत खात्रीने कधी भरली गेली नाही. आई अ‍ॅग्नेस कफ. घरची स्थिती ओढगस्तीची, बिऱ्हाडे सतत बदलणारी. शाळा संपल्यावर त्यांनी एका जाहिरात कंपनीत मजकूर लिहिण्याची नोकरी धरली आणि वाचवलेल्या पैशांतून मार्टिटा हंट या अभिनेत्रीकडे शिकवणी लावली. काही तासांनंतर बाईंनी ‘तुम्ही कधीच नट होणार नाही’ असे सांगून शिकवणी बंद करू पाहिली. याच बाई पुढे 1946 साली डिकन्सच्या कादंबरीवरील डेव्हिड लीन यांच्या चित्रपटात त्याच विद्यार्थ्याबरोबर झळकल्या, ही गोष्ट मला प्रत्येक शिक्षकाने टेबलावर लिहून ठेवावी अशी वाटते. त्या उमेदवारीच्या काळात हा तरुण एखाद्या पावावर आणि सफरचंदावर दिवस काढत असताना तेव्हाचे नामवंत नट जॉन गिलगुड यांनी वीस पौंड पुढे केले, तर ते त्याने घेतले नाहीत. काम मात्र घेतले. 1934 साली गिलगुड यांच्या ‘हॅम्लेट’मध्ये ऑस्रिक हा छोटासा दरबारी त्यांना मिळाला आणि चारच वर्षांनी ओल्ड विक नाट्यगृहात आधुनिक वेशातील हॅम्लेट म्हणून ते स्वतः उभे राहिले. युद्धात त्यांनी नौदलात नोकरी केली आणि 1943 च्या सिसिलीवरील स्वारीत सैनिक उतरवणाऱ्या एका बोटीचे नेतृत्व केले.

युद्धानंतरची पहिली काही वर्षे ही खऱ्या अर्थाने रंगाची वर्षे आहेत. लीन यांच्याच 1948 सालच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मध्ये फॅगिन हा चोरांचा म्हातारा ज्यू म्होरक्या त्यांनी वयाच्या तेहतिशीत उभा केला. लीन यांना ते या भूमिकेत मुळीच दिसत नव्हते, म्हणून ते संपूर्ण रंगभूषा करूनच चाचणीला गेले आणि भूमिका घेऊन आले. कादंबरीतील मूळ चित्रांवरून घडवलेले ते भलेमोठे आकडेबाज नाक मात्र फार महागात पडले. ज्यूंच्या छळछावण्या बंद होऊन तीन-चार वर्षेही झाली नव्हती. 1949 साली बर्लिनमध्ये ज्यू नागरिकांनी चित्रपटगृहासमोर तीव्र निदर्शने केली आणि अमेरिकेत हा चित्रपट 1951 मध्ये कात्री लावूनच दाखवला गेला. नटाने लावलेले नाक ज्यांच्या समाजाचे म्हणून दाखवले जाते, त्या समाजाला ते कसे दिसते, हा प्रश्न तेव्हा उभा राहिला. हा प्रश्न वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पस्तीस वर्षांनी तो आपल्या दारात येणार आहे.

त्याच सुमारास, 1949 मध्ये, ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’ या विनोदी चित्रपटात त्यांनी एका उमराव घराण्यातील आठ जणांची कामे केली : सरदार, धर्मगुरू, सेनापती, दर्यासारंग, सावकार आणि फुग्यातून उडणारी एक बाईसुद्धा. मुळात त्यांना चारच भूमिका देऊ केल्या होत्या. चारच का, आठ का नकोत, असे त्यांनीच विचारले. एका दृश्यात या घराण्यातील सहा जण चर्चमध्ये एकत्र बसलेले दिसतात. संगणक नसलेल्या त्या काळात एकाच फिल्मवर पुनःपुन्हा चित्रण करून ते साधले आणि तेवढा वेळ कॅमेरा केसभरही हलू दिला नाही. चित्रपट आजही खुसखुशीत वाटतो. पण माझे प्रामाणिक मत विचाराल तर ती कसरत आहे, उत्तम कसरत आहे. आठांपैकी एकाही माणसाच्या घरी जाऊन बसावेसे वाटत नाही.

आपल्या लेखात ज्याचे नावही नाही, त्या 1951 सालच्या ‘द मॅन इन द व्हाइट सूट’ या चित्रपटाकडे मी आता वळतो. सोलापूरच्या वृत्तपत्राने निदान हा चित्रपट तरी गाळायला नको होता. अलेक्झांडर मॅकेंड्रिक दिग्दर्शित या चित्रपटात गिनेस यांनी उत्तर इंग्लंडच्या कापडगिरण्यांतील एका संशोधकाची भूमिका केली आहे. हा सिडनी स्ट्रॅटन गिरणीच्या प्रयोगशाळेत मालकाच्या नकळत नळ्या आणि चंबू जोडून असा धागा तयार करतो की त्याचे कापड कधी मळत नाही आणि कधी फाटत नाही. त्याची अपेक्षा अशी की जग आपल्याला डोक्यावर घेईल. घडते उलटेच. एकदा घेतलेले कापड जन्मभर टिकले तर दुसरे कोण विकत घेणार, म्हणून गिरणीमालक हादरतात. आणि मग साचे, म्हणजे माग, कशाला चालतील, म्हणून कामगारही हादरतात. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे हे दोन पक्ष त्या अंधारात चमकणाऱ्या पांढऱ्या सुटामागे रात्रभर गल्लीबोळांतून धावतात.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात हा चित्रपट मी आमच्या शेजाऱ्यांना घरी लॅपटॉपवर दाखवला. अण्णांनी येथील एका गिरणीच्या साचेखात्यात तीस वर्षे काढली; घरची भाषा तेलुगू, बाहेरची मराठी, इंग्रजीचा गंध नाही. त्यांच्या पत्नी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. मी मधूनमधून अर्थ सांगत होतो, पण फारसा सांगावा लागत नव्हता. गिरणीमालक आणि कामगार पुढारी एका सुरात बोलू लागले तेव्हा अण्णा म्हणाले, “साहेब लोक अन् युनियन एका बाजूला? हे बघायला विलायतेतच जावं लागतंय की ओ सर!” थोड्या वेळाने मात्र गंभीर होऊन म्हणाले, “पण खरं सांगू का, हे कापड निघालं असतं तर आपला भोंगा दहा वर्षं आधीच बंद पडला असता.” शेवटाकडे स्ट्रॅटनची घरमालकीण, लोकांचे कपडे धुऊन दोन पैसे मिळवणारी म्हातारी, त्याला रस्त्यात अडवते आणि विचारते की तुम्ही शास्त्रज्ञ लोक गोष्टी आहेत तशा का राहू देत नाही, धुवायलाच काही उरले नाही तर माझ्या धुण्याचे काय. त्या वेळी विडीवर दोरा गुंडाळणारी काकूंची बोटे थांबली. काय म्हणाली ती, असे त्यांनी विचारले. मी सांगितले. “बरोबर बोलली,” एवढेच म्हणून त्यांनी पुढचे पान घेतले.

या प्रसंगात गिनेस काय करतात, ते पाहण्यासारखे आहे. ते काहीच करत नाहीत. तोंडावर खोटे नाक नाही, दाढी नाही, आवाजाची फिरत नाही. म्हातारीचा प्रश्न ऐकून त्या उत्साही चेहऱ्यावरचा प्रकाश क्षणभर विझतो, इतकेच. आपल्या शोधाचा कोणाला त्रास होईल हे या माणसाच्या मनात आजवर आलेच नव्हते, ते आपल्याला त्या एका क्षणात कळते. पुढे ते कापडच अस्थिर निघते, जमाव ते कापसासारखे ओरबाडून काढतो आणि नायक अंतर्वस्त्रांत उभा राहतो. लोक हसतात. अण्णा हसले नाहीत.

रंग कमी होऊ लागल्यावर या नटाने आधार घेतला तो चालीचा. माणूस कसा चालतो हे सापडल्याशिवाय त्यांना भूमिका सापडत नसे. या संदर्भात त्यांच्या आयुष्यातील दोन घटना मला एकमेकींशी जोडलेल्या वाटतात. 1954 सालच्या एका चित्रपटात ते लेखक चेस्टरटन यांचा गुन्ह्यांचा छडा लावणारा धर्मगुरू फादर ब्राउन करत होते आणि चित्रीकरण फ्रान्समधील बर्गंडी भागात चालले होते. एका संध्याकाळी पाद्र्याच्या वेशातच ते मुक्कामी परतत असताना एका अनोळखी मुलाने त्यांना खरा पाद्री समजून हात धरला आणि गप्पा मारत बराच वेळ तो बरोबर चालला. त्या मुलाचा विश्वास त्यांच्या मनातून गेला नाही. पुढे त्यांचा मुलगा मॅथ्यू याला पोलिओने गाठले, कमरेखालचा भाग लुळा पडला, तेव्हा हा बाप कामावरून येताना रोज एका कॅथलिक चर्चमध्ये जाऊन बसू लागला. मुलगा बरा झाला; गिनेस यांनी 1956 साली कॅथलिक पंथ स्वीकारला.

यानंतर श्रीलंकेत, म्हणजे तेव्हाच्या सिलोनमध्ये, चित्रित झालेला ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ आला. त्यातील कर्नल निकल्सन हा जपान्यांच्या कैदेतील ब्रिटिश अधिकारी तळपत्या उन्हातील पत्र्याच्या खुराड्यात कोंडला जातो आणि अनेक दिवसांनी बाहेर काढल्यावर कमांडंटच्या खोलीपर्यंत आपल्या पायांनी चालत जातो. पाय साथ देत नाहीत, गुडघे लटपटतात, पण पाठीचा कणा सैनिकी शिस्तीतच राहिला पाहिजे हा हट्ट सुटत नाही. ही चाल गिनेस यांनी आजारातून उठून पुन्हा चालायला शिकणाऱ्या मॅथ्यूवरून घेतली होती, आणि आपल्या हातून झालेले सर्वांत चांगले काम हेच, असे त्यांना वाटत असे. मी हा चित्रपट प्रथम विद्यार्थिदशेत, येथील एका चित्रपटगृहात सकाळच्या खेळाला पाहिला. आपल्याला सोलापूरचे ऊन ठाऊक असल्यामुळे त्या पत्र्याविषयी कोणी काही समजावून सांगावे लागले नाही. या भूमिकेला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले, सहायक अभिनेत्याचे नव्हे, हे आपल्या लेखकाने कृपया नोंदवून घ्यावे. 1959 साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला.

चालीचे हे प्रकरण मी स्वतः थोडेसे करून पाहिले आहे. राज्य नाट्य स्पर्धेसाठी आम्ही हौशी मंडळींनी बसवलेल्या एका नाटकात मला निवृत्त कारकुनाची भूमिका होती आणि तालमीत मी नुसताच वाकून खोकत होतो. मग अण्णांची जुनी चप्पल मागून आणली. वर्षानुवर्षे साच्यापुढे एकाच अंगावर भार देऊन उभे राहिल्याने तिची डावी टाच तिरकी झिजली होती. ती घालताच माझा डावा खांदा आपोआप खाली आला आणि खोकण्याची गरज उरली नाही. बक्षीस मिळाले नाही, ही गोष्ट वेगळी.

हा बहुरूपी सर्वांत कमी रंगात दिसतो तो 1979 साली बीबीसीने जॉन ल कॅरे यांच्या कादंबरीवरून केलेल्या सात भागांच्या मालिकेत. जॉर्ज स्मायली हा ब्रिटिश हेरखात्यातील निवृत्त, जाडसर, बायकोने वाऱ्यावर सोडलेला अधिकारी. भूमिकेच्या तयारीसाठी गिनेस यांना एक खरा हेर पाहायचा होता, म्हणून ल कॅरे यांनी ब्रिटनच्या गुप्तचर संस्थेचे माजी प्रमुख सर मॉरिस ओल्डफील्ड यांच्याबरोबर जेवणाचा बेत ठरवला. जेवण आटोपून ओल्डफील्ड निघाले तेव्हा गिनेस पाठोपाठ दारापर्यंत गेले आणि छत्री घेऊन रस्त्याने जाणारी ती आकृती पाहत उभे राहिले. पडद्यावर हे सारे इतके विरघळले आहे की वेगळे काढून दाखवता येत नाही. स्मायली चश्मा काढतो, पुसतो, पुन्हा लावतो. समोरचा मनुष्य तेवढ्यात खोटे बोलून बसलेला असतो. ऐकणे हा अभिनय असतो, हे ज्या नवोदितांना पटत नसेल त्यांनी या मालिकेतील कोणताही एक चौकशीचा प्रसंग आवाज बंद करून पाहावा. ही मालिका आणि 1982 साली आलेला तिचा पुढचा भाग, दोन्हींसाठी त्यांना ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला.

अंतराळपटाविषयी आपल्या लेखात पुष्कळ आल्यामुळे मी दोनच गोष्टी जोडतो. 1977 सालच्या ‘स्टार वॉर्स’च्या रॉयल्टीतील सव्वादोन टक्के वाटा त्यांच्या नावे होता आणि त्यामुळे त्यांचे उतारवय निश्चिंत गेले. तरीही हा चित्रपट शंभराहून अधिक वेळा पाहिल्याचे अभिमानाने सांगणाऱ्या एका मुलाला, तो पुन्हा कधी पाहू नकोस, असे त्यांनी सांगितले होते आणि मुलगा रडवेला झाला होता, ही हकीकत त्यांनीच लिहून ठेवली आहे.

आता छायाचित्राकडे येतो. ते 1984 सालच्या ‘अ पॅसेज टू इंडिया’ या लीन यांच्या चित्रपटातील आहे आणि त्यातील पगडीधारी, गहू वर्णाचा रंग फासलेले गृहस्थ सत्तरीचे गिनेसच आहेत. स्मायलीपर्यंत येताना जो रंग पुसत आणला होता तो त्यांनी येथे पुन्हा लावला, आणि तो दिसतो. त्याच चित्रपटात सईद जाफरी, रोशन सेठ, व्हिक्टर बॅनर्जी अशी मंडळी वावरत असल्यामुळे तर अधिकच दिसतो. स्वतः गिनेसही या कामावर खूश नव्हते. बर्लिनच्या प्रेक्षकांना फॅगिनचे नाक जसे दिसले असेल, तसा मला हा रंग दिसला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. आपल्यावर तसे काही गुदरलेले नाही. पण संकोच वाटला, हे खरे.

मला हळहळ वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांच्या 1924 सालच्या मूळ कादंबरीत छायाचित्रातील हे गृहस्थ प्राध्यापक असून दख्खनी ब्राह्मण आहेत. फॉर्स्टर 1921 साली मध्य भारतातील देवास संस्थानात पवार महाराजांचे खासगी सचिव होते. तेथील मराठी दरबारातील गोकुळाष्टमीचा उत्सव त्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि तोच पुढे कादंबरीच्या शेवटच्या भागात आला. या उत्सवात प्राध्यापक महाशय टाळ घेऊन देहभान विसरतात आणि ‘तुकाराम, तुकाराम’ म्हणत त्याला मायबाप संबोधून आळवतात. पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे तेथील वाचकाला ही पाने वाचताना काय वाटते, ते इंग्रज वाचकाला कळणे अवघड आहे. गिनेस यांनी या प्राध्यापकांचे नृत्य चित्रपटासाठी केले होते, ते चित्रितही झाले होते, पण संकलनात लीन यांनी ते काढून टाकले आणि इतक्या वर्षांच्या स्नेहात त्यावरून कटुता आली. मुलाच्या लटपटत्या पायांवरून कर्नल घडवणाऱ्या या माणसाने भजनात उभ्या राहिलेल्या मराठी माणसाची पावले कशी टाकली असतील, हे मला पाहायचे होते. कदाचित ती पावले हास्यास्पदही असतील. पण रंगाखालचा नट असलाच तर तो तेथेच सापडला असता, आणि नेमका तोच भाग कापला गेला.

गिनेस यांचे 5 ऑगस्ट 2000 रोजी इंग्लंडमधील वेस्ट ससेक्स परगण्यात निधन झाले. 1938 पासून साथ देणाऱ्या त्यांच्या पत्नी मेरुला दोनच महिन्यांनी गेल्या. त्यांच्यावर पुन्हा कधी लिहिण्याचा योग आलाच तर गिरणीवरील चित्रपटाचा विचार व्हावा, आणि अण्णांचे मत हवे असल्यास ते मी आनंदाने मिळवून देईन.

तूर्तास एवढीच विनंती की पुढील अंकात शुद्धिपत्र द्यावे. छायाचित्राखाली ‘एका भारतीय साधूच्या भूमिकेत’ असे छापले गेले आहे. ते साधू नव्हेत. महाविद्यालयात शिकवणारे प्राध्यापक आहेत, त्यांचे नाव नारायण आणि आडनाव गोडबोले आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षक,
सोलापूर